घरची वाइन, परंपरेची वाइन… आणि आपले यकृत

“डॉक्टर, ही दारू नाही. वाइन आहे. आणि कंपनीची पण नाही, घरची आहे.”

समोर बसलेल्या काकांनी हे इतक्या खात्रीने सांगितले, की मी रिपोर्टवरचे नाव पुन्हा एकदा वाचून पाहिले. काका निफाडकडचे द्राक्ष बागायतदार. दहा वर्षांपासून मधुमेह, सोनोग्राफीत थोडे फॅटी लिव्हर, पण पथ्याला आणि गोळ्यांना पक्के. लग्नाकार्यातही कधी घोट न घेतलेला माणूस. चार महिन्यांपूर्वीचा आणि आताचा रिपोर्ट शेजारी ठेवला, तर ट्रायग्लिसराइड जवळपास दुप्पट, यकृताच्या तपासणीतले एसजीपीटी आणि जीजीटी वाढलेले, बीपीही वर. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

चार महिन्यांत बदलले होते एकच. काकांच्या मुलीने जॉर्जियात, तिबिलिसीला एमबीबीएस केले. आपल्याकडची बरीच मुले हल्ली तिकडे शिकायला जातात. पदवीदानाला काका-काकू गेले आणि एक दिवस काखेती या द्राक्षांच्या प्रदेशात फिरून आले. तिथल्या एका कुटुंबाची छोटी बाग आणि घरामागचे वाइनघर पाहून काका भारावून गेले. येताना चार बाटल्या आणल्या. त्या संपल्यावर नाशिकची वाइन सुरू झाली. रोज रात्री जेवणासोबत एक ग्लास. पाहुणे असले तर दीड.

“रोज घेताय हे मला का नाही सांगितलंत?” मी विचारले.

“तुम्ही ‘दारू घेता का’ असं विचारलं होतं, डॉक्टर. दारू नाही घेत मी.”

काका खोटे बोलत नव्हते. त्यांच्या मनात हा हिशेब खरोखरच वेगळा होता. ‘दारू’ वेगळी, ‘वाइन’ वेगळी, आणि ‘परंपरेने घरात केलेली वाइन’ तर जवळपास काढ्याच्या रांगेत. असा हिशेब करणारे काका एकटे नाहीत. २०२२ मध्ये राज्यात सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याच्या निर्णयावरून वाद झाला, तेव्हा “वाइन म्हणजे दारू नव्हे” हे वाक्य सगळ्यांनी ऐकले. म्हणूनच हा लेख.

काकांनी तिकडे नेमके काय पाहिले?

आधी त्या परंपरेबद्दल, कारण ती खरोखर आदर वाटावा अशी आहे.

जॉर्जियात वाइन करण्यासाठी ‘क्वेव्री’ नावाचे मातीचे मोठे रांजण वापरतात. आकार अंड्यासारखा, तळ निमुळता. आतून मधमाश्यांच्या मेणाचा पातळ हात दिलेला असतो. रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला असतो, त्यामुळे उन्हाळा असो की बर्फ, आतले तापमान फारसे बदलत नाही. ज्या खोलीत हे रांजण पुरलेले असतात तिला ‘मरानी’ म्हणतात. घरातली ती पवित्र जागा मानतात, आपल्या देवघरासारखी.

शरद ऋतूत द्राक्षे तोडून चिरडतात. काखेतीच्या पद्धतीत रसाबरोबर साली, बिया आणि देठसुद्धा रांजणात जातात. वरून यीस्ट घालत नाहीत. द्राक्षाच्या सालीवर आणि त्या खोलीत जे नैसर्गिक यीस्ट असते, तेच रस आंबवते. आंबताना साली वर तरंगून त्यांचा जाड थर होतो, तो दिवसातून काही वेळा लाकडी दांड्याने खाली ढकलावा लागतो. जोर ओसरला की रांजण झाकून मातीने लिंपतात आणि पाच-सहा महिन्यांनी, वसंतात उघडतात. पांढऱ्या द्राक्षांची वाइनसुद्धा अशी सालीवर राहिल्याने मधासारख्या रंगाची आणि चवीला तुरट होते. मागे उरलेल्या चोथ्याला ‘चाचा’ म्हणतात, आणि तो गाळून काढलेल्या कडक मद्यालाही ‘चाचा’च. आपल्याकडच्या चाचांशी काही संबंध नाही!

ही रीत किती जुनी? तिबिलिसीच्या दक्षिणेला सापडलेल्या खापरांवर द्राक्षाच्या वाइनचे रासायनिक अंश आढळले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनानुसार ती खापरे सुमारे ८,००० वर्षांपूर्वीची आहेत. क्वेव्रीच्या पद्धतीला २०१३ मध्ये युनेस्कोने मानवी वारशाच्या यादीत स्थान दिले. सोव्हिएत काळात मोठ्या सरकारी कारखान्यांनी मोजक्याच जातींची वाइन ढिगाने काढली, पण घरोघरच्या मरानीत जुनी रीत चालू राहिली. २००६ मध्ये रशियाने जॉर्जियन वाइनवर बंदी घातली आणि मोठे गिऱ्हाईक एकदम तुटले. त्यानंतर दुसऱ्या देशांत ग्राहक मिळवताना हे मातीचे रांजण त्यांच्या फार कामी आले.

द्राक्ष बागायतदाराला हे सगळे भिडणारच. २०१० मध्ये क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे आपली द्राक्षे युरोपात अडकली, ते वर्ष काकांना अजून आठवते. फवारण्या, रेसिड्यूचे रिपोर्ट, अडलेले कंटेनर यांत आयुष्य गेलेल्या माणसाला तिथले म्हातारे आजोबा सांगतात, “द्राक्षाशिवाय आम्ही यात काही घालत नाही.” त्याला ती वाइन अमृत वाटली, यात नवल काय?

मग माझी हरकत कशाला?

हरकत परंपरेला नाही. ‘पारंपरिक आहे, म्हणून तब्येतीला चांगली’ या उडीला आहे.

रांजण मातीचा असो की स्टीलचा, आत घडते ते एकच. यीस्ट द्राक्षातली साखर खाते आणि त्यातून इथाइल अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हे अल्कोहोल आणि व्हिस्कीतले अल्कोहोल एकच. ते पोटात गेल्यावर यकृत त्याचे आधी अॅसिटाल्डिहाइड करते, जे पेशींना आणि त्यांच्या डीएनएला इजा करणारे विष आहे, आणि मग त्याची पुढे विल्हेवाट लावते. अल्कोहोल कुठून आले, कोणत्या आजोबांनी केले, रांजण किती पिढ्यांचा, हे यकृताला कळत नाही. त्याला कळते ते फक्त माप.

म्हणून मापाचा हिशेब करू:

- व्हिस्की किंवा रमचा ३० मिलीचा एक पेग: सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल.
- पाच टक्क्यांच्या बिअरची ३३० मिलीची छोटी बाटली: सुमारे १३ ग्रॅम.
- १२ टक्के वाइनचा १५० मिलीचा ग्लास: सुमारे १४ ग्रॅम.

म्हणजे वाइनचा एक ग्लास हा जवळपास दीड पेग झाला. ७५० मिलीच्या बाटलीत असे पाच ग्लास, म्हणजे सात पेग. आणि घरी आपण १५० मिली मोजून ओतत नाही. काकांना मी त्यांच्या नेहमीच्या ग्लासात पाणी भरून मोजायला सांगितले. ते २०० मिलीच्या वर निघाले.

मी हाच हिशेब कागदावर मांडला, तेव्हा काका पहिल्यांदा गप्प झाले. “म्हणजे मी रोज दोन पेग मारत होतो?” त्यांनी विचारले. होय काका, अगदी तसेच.

“पण त्यात केमिकल नाही ना!”

हा मुद्दा मी पुन्हा पुन्हा ऐकतो, म्हणून थोडे सविस्तर.

पहिली गोष्ट सल्फाइटची. वाइन खराब होऊ नये म्हणून सल्फर डायऑक्साइड वापरतात. त्याला लोक फार घाबरतात. पण थोडेसे सल्फाइट आंबवण्याच्या क्रियेत यीस्ट स्वतःच तयार करते. जर्दाळूसारख्या सुक्या मेव्यात ते वाइनपेक्षा जास्त असू शकते. मातीचे रांजण स्वच्छ ठेवायला त्यात गंधक जाळून धुरी देण्याची रीतही आहे. सेंद्रिय बागेतही गंधक आणि बोर्डो मिश्रण चालते, हे बागायतदारांना मी सांगायला नको. सल्फाइटचा त्रास खरा आहे तो मुख्यतः दम्याच्या काही रुग्णांना. अशांनी जरूर सावध राहावे. बाकीच्यांसाठी त्या बाटलीतले सर्वात घातक रसायन सल्फाइट नसून अल्कोहोल आहे, आणि ते प्रत्येक बाटलीत आहे.

दुसरी गोष्ट डोकेदुखीची. “घरच्या वाइनने डोके दुखत नाही” हा काही आरोग्याचा दाखला नाही. डोके दुखले नाही म्हणून यकृत सुटले, असे होत नाही. यकृत बराच काळ मुकाट्याने सोसते. दुखून सांगत नाही.

तिसरी भीती मिथेनॉलची. साली आणि देठांसह आंबवल्यावर थोडे मिथेनॉल तयार होते हे खरे, पण वाइनमध्ये त्याचे प्रमाण सहसा विषबाधेइतके नसते. विषारी दारूकांडात माणसे मरतात किंवा आंधळी होतात, ती बहुतेक वेळा वरून मिसळलेल्या औद्योगिक मिथेनॉलमुळे. म्हणजे त्या कुटुंबाची वाइन ‘विषारी’ आहे असे मी म्हणत नाही. ती चांगली, स्वच्छ वाइन असेल. पण चांगली वाइनसुद्धा मद्यच असते.

“लाल वाइन हृदयाला चांगली असते ना?”

या समजुतीला मोठा इतिहास आहे. फ्रेंच लोक लोणी-चीज भरपूर खातात, तरी त्यांना हृदयविकार कमी, हे कोडे १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एका टीव्ही कार्यक्रमात मांडले गेले. उत्तर म्हणून लाल वाइनकडे बोट दाखवले गेले, आणि वाइनची विक्री झपाट्याने वाढली. त्यानंतर अनेक अभ्यासांत ‘थोडी पिणारे’ हे ‘अजिबात न पिणाऱ्यां’पेक्षा निरोगी दिसले.

पण यात एक गोम होती. ‘न पिणाऱ्यां’च्या गटात असे बरेच लोक होते, ज्यांनी आजारपणामुळे दारू सोडली होती. त्यांच्याशी तुलना केल्यावर थोडी पिणारे निरोगी दिसणारच. शिवाय जेवणासोबत एक ग्लास घेणारे लोक बहुधा बऱ्या आर्थिक स्थितीतले, व्यायाम करणारे, वेळेवर तपासणी करणारे होते. हे सगळे लक्षात घेऊन हिशेब केल्यावर वाइनचा तो फायदा बराचसा विरून जातो.

आणि ते प्रसिद्ध रेसव्हेराट्रॉल? ते द्राक्षाच्या सालीत असते, लाल वाइनमध्येही उतरते, पण एका लिटरमध्ये जेमतेम काही मिलिग्रॅम. प्रयोगांत माणसांना दिलेले डोस शेकडो मिलिग्रॅमचे होते. तेवढे वाइनमधून मिळवायचे तर पिंपच लागेल. काकांना मी म्हटले, “तुमच्या बागेतली द्राक्षं सालीसकट खाताच ना? तीही साखर सांभाळून, मोजकीच.”

दुसऱ्या बाजूचा पुरावा मात्र पक्का होत गेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करते हे सिद्ध झालेल्या गोष्टींत टाकले. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांमध्ये स्तन, हे त्यातले प्रमुख कर्करोग. (तंबाखूही याच गटात आहे. पण गट पुराव्याची खात्री सांगतो, दोन्हींचा धोका सारखाच आहे असे नव्हे.) २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट म्हटले, की मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही. थोडे प्यायले तर धोका थोडा, जास्त प्यायले तर जास्त. पण शून्य धोक्याची अशी रेघ नाही.

मधुमेहाच्या रुग्णांनी हे नक्की वाचा

काकांच्या बाबतीत मला सर्वात जास्त भीती वाटली ती वेगळ्याच कारणाने. ते ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन घेतात. आपण झोपेत असताना रक्तातली साखर टिकवायचे काम यकृत करते. ते अल्कोहोलची विल्हेवाट लावण्यात गुंतले की साखर सोडायचे काम मागे पडते. त्यात ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन असेल आणि त्या रात्री जेवण कमी झाले असेल, तर मध्यरात्री साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे सुरू होते, आणि घरच्यांना वाटते ‘चढली आहे’, म्हणून ते झोपू देतात. हीच चूक जीवावर बेतते. मेटफॉर्मिनबरोबर जास्त मद्य घेतल्यास रक्तात लॅक्टिक अॅसिड वाढण्याचा धोका असतो, विशेषतः मूत्रपिंड किंवा यकृत कमजोर असेल तर.

झोपेच्या गोळ्या, फिटची औषधे, रक्त पातळ करणारी औषधे, मेट्रोनिडॅझोलसारखी काही अँटिबायोटिक्स, यांच्याबरोबरही मद्य घातक ठरू शकते. गरोदरपणात तर एक घोटही नको.

“आपणही शेतात एक रांजण पुरावा म्हणतो”

काकांच्या मुलाचा हा बेत होता. मी दोन कारणांनी थांबवले. एक म्हणजे महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, मग ते स्वतःच्या बागेतल्या द्राक्षांचे का असेना.

दुसरे कारण जीवाचे. एक लिटर गोड रस पूर्ण आंबला तर त्यातून साधारण ५० लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हा वायू हवेपेक्षा जड असतो. तो खड्ड्यात, तळघरात, रिकाम्या रांजणाच्या तळाशी साचतो. त्याला रंग नाही, आणि तो आहे हे नाकाला सहज कळत नाही. क्वेव्री मोठा असेल तर धुण्यासाठी माणूस आत उतरतो. जी कुटुंबे पिढ्यान्पिढ्या हे काम करतात, त्यांना धोका ठाऊक असतो. व्हिडिओ पाहून करणाऱ्याला नसतो. आपल्याकडे सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीचे पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नाही, काही तास जाऊ देतात, ते याचसाठी. जुन्या विहिरीत एकामागोमाग उतरलेली माणसे दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो, तिथेही अनेकदा असाच वायू किंवा प्राणवायूची कमतरता असते. दिवा सोडून पाहण्यावरही विसंबू नका. दिवा विझण्याआधीच माणूस बेशुद्ध पडू शकतो.

मग परंपरा खोटी का?

काकांनी शेवटी हाच प्रश्न विचारला. थोडे दुखावून. माझे मत असे.

परंपरा खोटी नाही. मातीचा रांजण घडवणे, द्राक्षांच्या शेकडो देशी जाती जपणे, मुलांना हे काम हाताने शिकवणे, बाजार तुटल्यावरही उभे राहणे, हे सगळे खरे आणि मोलाचे आहे. पण परंपरा आपल्याला सांगते की एखादी गोष्ट कशी करावी. ती माझ्या शरीराला किती मानवेल, हे परंपरेला विचारायचे नसते. ८,००० वर्षे वाइन करणाऱ्या देशातही यकृत तुमच्या-माझ्यासारखेच आहे. त्यांच्या मेजवानीत शुभेच्छांमागून शुभेच्छा देत पेले रिकामे करण्याची रीत आहे. ती आरोग्याची रीत आहे असे मी कसे म्हणू?

आपल्याकडेही ‘घाण्याचे’, ‘देशी’, ‘सेंद्रिय’, ‘आजीच्या हातचे’ हे शब्द लागले की आपण प्रमाण मोजायचे सोडून देतो. सेंद्रिय गुळानेही साखर वाढते. घरच्या लोणच्यातल्या मिठानेही बीपी वाढते. वाइन मातीच्या रांजणात झाली की कारखान्यात, हा प्रश्न चवीचा, कारागिरीचा आणि शेतकऱ्याच्या पोटाचा आहे. किती प्यालात, हा प्रश्न शरीराचा आहे. या दोन प्रश्नांची सरमिसळ विक्रेता करेल, ते समजू शकतो. आपण करू नये.

द्राक्ष बागायतदार हे माझे रुग्ण आहेत, त्यांचे घर वाइनवर चालत असेल तर त्याबद्दल मला तक्रार नाही. मी कोणाला पापी ठरवत नाही. माझी विनंती एवढीच, की औषध म्हणून वाइन विकू नका आणि औषध म्हणून पिऊ नका.

थोडक्यात

- डॉक्टरांनी ‘दारू घेता का’ विचारले, तर वाइन, बिअर, फेणी, ताडी सगळे सांगा. किती आणि किती वेळा, तेही सांगा.
- घेत नसाल, तर ‘तब्येतीसाठी’ म्हणून सुरू करू नका.
- फॅटी लिव्हर, कावीळ होऊन गेलेली, ट्रायग्लिसराइड वाढलेले, न आवरणारे बीपी, हृदयाचे अनियमित ठोके किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर ‘फक्त एक ग्लास’ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.
- घेत असाल, तर घरचा ग्लास एकदा पाण्याने मोजून पाहा. उपाशीपोटी घेऊ नका, रोज घेऊ नका आणि नंतर गाडी चालवू नका.
- रोज जास्त प्रमाणात पिणाऱ्यांनी मात्र एकदम बंद करू नये. अचानक सोडल्यावर थरथर, भास, फिट येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावे.

काकांनी त्या दिवसापासून ग्लास बंद केला. तीन महिन्यांनी ट्रायग्लिसराइड आणि एसजीपीटी बरेच खाली आले. फॅटी लिव्हर अजून आहे, त्याचे वजन आणि चालणे यावर काम चालू आहे. जॉर्जियाहून आणलेली शेवटची रिकामी बाटली त्यांनी दिवाणखान्यात ठेवली आहे, मुलीच्या पदवीच्या फोटोशेजारी. त्याला माझी काहीच हरकत नाही.